साबणाचा पडदा

लहानपणी तुम्ही साबणाचे बुडबुडे नक्कीच उडवले असतील. आमच्या घरी त्यांना बुलबुले म्हणत. अम्मी कपडे धुऊन उठली, की उरलेल्या पाण्यात आम्ही भावंडे पपईच्या पानाचा पोकळ देठ बुडवायचो आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारायचो. बुडबुडा फुटला की हसायचे आणि दुसरा काढायचा, एवढाच तो खेळ. याच बुडबुड्याच्या पातळ कातडीवर एखाद्या कारखान्यातला माल पास होतो किंवा परत जातो, असे तेव्हा कोणी सांगितले असते, तर आम्ही त्यालाही हसलो असतो. पण ते खरे आहे. पुढे मी स्वतः साबणाच्या पडद्याने वायू मोजण्याचे काम केले. आणि काही दिवस ते न करताच केले असे लिहिले. या दोन्ही गोष्टी आज तुम्हांला सांगणार आहे.

आधी एक साधा प्रश्न. नळातून दर मिनिटाला किती पाणी येते, हे तुम्ही कसे मोजाल? नळाखाली लिटरचे माप धराल, घड्याळाकडे पाहाल आणि माप किती वेळात भरले ते लिहून ठेवाल. आता नळीतून पाण्याऐवजी वायू येत असेल तर काय कराल? माप धरले तरी ते भरले की नाही हे दिसणार नाही, कारण ते आधीच हवेने भरलेले आहे. वायू त्यात शिरेल आणि काठावरून निघूनही जाईल. ना रंग, ना काठाला लागलेली रेघ.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, "सर, वायू पाण्याखाली गोळा करू." शाळेत ऑक्सिजन तयार करताना आपण तसेच करतो. पाण्याने भरलेले वायुपात्र उपडे ठेवतो, वायू पाण्याला खाली ढकलतो आणि स्वतः वर जमतो. रीत चांगली आहे, पण तिच्यात एक खोड आहे. पाण्याला ढकलायचे काम वायूला करावे लागते. १० सेंटिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ वायूला मागे रेटतो, तो हवेच्या दाबाच्या साधारण शंभराव्या भागाइतका असतो. वायू जोराने येत असेल तर त्याला याचे काही वाटणार नाही. पण हलक्या हाताने, जेमतेम वाहणारा वायू असेल, तर मोजण्याच्या खटाटोपातच त्याची चाल मंदावेल. ज्याची चाल पाहायची त्याच्याच डोक्यावर ओझे द्यायचे, असा तो प्रकार झाला.

दवाखान्यात ऑक्सिजनच्या सिलिंडरवर उभी काचेची नळी आणि तिच्यात वरखाली होणारी गोळी तुम्ही पाहिली असेल. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्या गोळीकडे डोळे लावून बसण्याची वेळ पुष्कळ घरांवर आली. ती गोळी पाहताक्षणी आकडा सांगते, हा तिचा मोठा गुण. पण नळीवरचे आकडे कोणीतरी आधी खऱ्या मापाने तपासून घातलेले असतात. शिवाय ते ठरावीक वायूसाठीच खरे असतात. ऑक्सिजनची नळी हायड्रोजनला लावली, तर गोळी भलतेच सांगेल. मग ते पहिले, खरे माप कोणते? त्यासाठी ज्या मोजक्या रीती आहेत, त्यांतली एक म्हणजे आपला साबणाचा पडदा.

आता उपकरण पाहू. आकडे कोरलेली एक उभी काचेची नळी घ्या. तिच्या तळाशी साबणाचे पाणी भरलेला रबराचा लहानसा फुगा असतो. फुग्याच्या थोडे वर बाजूने एक आडवी नळी जोडलेली असते. तिच्यातून वायू आत येतो आणि उभ्या नळीतून वर निघून जातो. फुगा किंचित दाबला की साबणाचे पाणी वर चढते आणि वायूच्या वाटेत आडवे येते. फुगा सोडला की पाणी खाली उतरते, पण जाताना नळीच्या तोंडावर एक पातळ पडदा ठेवून जाते. खालून येणारा वायू त्या पडद्याला उचलतो आणि पडदा वर जाऊ लागतो. घड्याळ तयार ठेवा. पडदा खालच्या खुणेवर आला की सुरू करा, वरच्या खुणेवर पोचला की थांबवा. दोन खुणांच्या मध्ये १० मिलिलिटर जागा असेल आणि पडद्याला २० सेकंद लागले असतील, तर मिनिटाला ३० मिलिलिटर वायू येतो आहे. चौथीतल्या मुलालाही जमेल असे हे गणित आहे.

एवढ्यावर विश्वास कसा ठेवायचा? पडदा नळीला चिकटणार नाही का? वायू त्याला फोडणार नाही का? याचे उत्तर पडद्याच्या हलकेपणात आहे. शाळेतल्या ब्युरेटची नळी आतून साधारण एक चौरस सेंटिमीटर असते. तिच्यात तयार झालेला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा जाड असला, तर त्याचे वजन एका मिलिग्रॅमचा दहावा भाग भरेल. तांदळाच्या एका दाण्याची बरोबरी करायला असे शे-दोनशे पडदे लागतील. एवढे हलके ओझे वायूला जाणवतसुद्धा नाही. पृष्ठताणामुळे पडदा नेहमी आपले क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायला पाहतो. म्हणून तो नळीत तिरपा न राहता सरळ आडवा राहतो, आणि काठाने काचेला सगळीकडून टेकलेला असतो. नळी आतून साबणाच्या पाण्याने ओली असली, की तो जवळजवळ न घासता घसरतो. म्हणजे तो दरवाजासारखा पूर्ण बंद आहे, पण त्याला ढकलायला जोर लागत नाही. असा दरवाजा लाकडाचा किंवा लोखंडाचा करून दाखवा म्हटले, तर कोणत्याही सुताराला किंवा लोहाराला तो जमणार नाही.

साबणाच्या पडद्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत जोसेफ प्लातो या बेल्जियमच्या शास्त्रज्ञाचे नाव मोठे आहे. त्याचा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. तोपर्यंत त्याची दृष्टी जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. पडदा कसा वाकला, कोठे जोडला गेला, हे त्याचे सहकारी पाहून सांगत आणि तो त्यातून नियम काढी. पुढे इंग्लंडमध्ये सी. व्ही. बॉइज यांनी लंडनच्या मुलांपुढे साबणाच्या बुडबुड्यांवर व्याख्याने दिली, आणि १८९० साली त्यांचे पुस्तक निघाले. मला मात्र प्लातोचे अधिक नवल वाटते. आपण डोळे असून पाहत नाही, असे मला माझ्याविषयी पुढे म्हणावे लागणार आहे.

२०२३ साली आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाची तयारी चालली होती. नववीच्या मुलांनी हे उपकरण करायचे ठरवले. प्रयोगशाळेच्या कपाटात खालची तोटी तुटलेली एक ब्युरेट पडून होती. मुलांनी नळजोडणीच्या दुकानातून अर्ध्या इंचाचा प्लास्टिकचा टी-जोड आणला. त्याच्या वरच्या तोंडात ब्युरेट बसवली आणि फट रबराने भरली. खालच्या तोंडाला साबणाचे पाणी भरलेला फुगा बांधला. बाजूच्या तोंडात बूच आणि बुचातून बारीक नळी. मापायला वायू कोणता घ्यायचा, यावर वाद झाला. एकाने घरचा गॅस सुचवला. तो मी तिथल्या तिथे बंद केला, आणि तुम्हांलाही सांगतो, स्वयंपाकाच्या गॅसवर हा प्रयोग कधीही करायचा नाही. शेवटी एका मुलीने घरच्या माशांच्या काचपेटीचा हवेचा पंप आणला. मासे तेवढा वेळ बिनपंपाचे राहिले. पंपाची हवा फार जोरात येत होती, पडदा ब्युरेटमधून बाणासारखा जाई. म्हणून नळीवर चिमटा लावून हवा कमी केली. मग पडदा शहाण्यासारखा सावकाश चढू लागला.

पहिला पडदा दोन बोटे चढून फुटला. दुसराही फुटला. नळी कोरडी असली की असेच होते. चार-पाच पडदे वर गेले, काच ओली झाली, मग पडदे टिकू लागले. खिडकीतून ऊन येत होते. पडद्यावर जांभळे, हिरवे, सोनेरी पट्टे फिरत होते. मुले आकडे विसरून तेच पाहत बसली, आणि मीही त्यांना घाई केली नाही.

मग मोजणी सुरू झाली. १० मिलिलिटरला पहिल्यांदा १०.४ सेकंद लागले. दुसऱ्यांदा ११.६, तिसऱ्यांदा १२.९. मी म्हटले, "पुन्हा घ्या." पुन्हा घेतले, तर १३.८. मधली सुट्टी व्हायला आली होती. वहीत लिहिणारा मुलगा हुशार, त्याचे अक्षरही देखणे. त्याने माझ्याकडे पाहून अगदी सहज विचारले, "सर, पहिला आकडा धरून तिन्ही ठिकाणी दहाच्या आसपास लिहू का? १०.४, १०.३, १०.५? बरे दिसेल."

मुलगा लबाड नव्हता. त्याला फक्त काम नीटनेटके दिसायला हवे होते. पण त्याचे ते "१०.४, १०.३, १०.५" ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण अगदी तसेच तीन आकडे मी एकदा लिहिले होते. मी त्याला म्हणालो, "वही मिट. आधी माझे ऐका."

बी.एस्सी. झाल्यावर, बी.एड.ला जाण्यापूर्वी, २०१० साली मी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. तिथे गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे यंत्र होते. यंत्रातील गरम पेटीत एक लांब नळी वेटोळे करून ठेवलेली असते आणि नळीत खास प्रकारचा भुगा भरलेला असतो. तिच्यातून नायट्रोजन वायू सतत वाहत राहतो. तपासायच्या द्रवाचा थेंबाहूनही लहान अंश सुईने आत टोचला, की त्याची वाफ होते आणि नायट्रोजन ती वाफ पुढे नेतो. मिश्रणातले प्रत्येक द्रव्य वाटेत कमीजास्त रेंगाळते, म्हणून एक आधी बाहेर येते, दुसरे नंतर. बाहेर येताना प्रत्येकाचे कागदावर एक शिखर उमटते. शिखर किती मिनिटांनी आले, त्यावरून द्रव्य ओळखायचे. ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली ही रीत जगापुढे ठेवली.

हे काम स्टेशनच्या बाकावर बसून गाड्या ओळखण्यासारखे आहे. पाच वाजता आली ती एक गाडी, सहा वाजता आली ती दुसरी. वेळापत्रक हातात असले की पाटी वाचायची गरज नाही. पण सगळ्याच गाड्या हळू धावू लागल्या तर? पाचची गाडी सहाला येईल आणि तुम्ही तिला सहाची समजाल. यंत्रातल्या गाड्यांचा वेग ठरतो तो नायट्रोजनच्या वेगावर. म्हणून रोज सकाळी यंत्राची ज्योत पेटवण्यापूर्वी साबणाच्या पडद्याने नायट्रोजन मोजायचा, तीन वेळा वेळ घ्यायची आणि नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम होता. आमचे वरिष्ठ, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांनी हे काम मला शिकवले आणि माझ्याकडेच सोपवले. १० मिलिलिटरला २० सेकंद, म्हणजे मिनिटाला ३० मिलिलिटर. दोन महिने मी रोज मोजत होतो आणि रोज २० सेकंदच येत होते.

जे रोज तेच येते, ते मोजायचे कशाला? हा विचार माझ्या मनात कधी आला ते मला नेमके आठवते. सोमवारी एस.टी. चुकली, मी उशिरा पोचलो आणि नमुन्यांच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. नोंदवहीत मी २०.१, १९.९, २०.० असे लिहिले आणि ज्योत पेटवली. तिन्ही आकडे सारखे लिहिले असते तर कोणाला शंका आली असती, म्हणून थोडा थोडा फरक ठेवला. मित्रांनो, एवढी अक्कल मी त्यात खर्च केली. खरे मोजायला याहून जास्त वेळ लागला नसता. मंगळवारी उशीर झाला नव्हता, तरी तसेच लिहिले. बुधवारी, गुरुवारीही.

त्या आठवड्यात एका गृहस्थांकडून पिंपे येत होती. ते वापरलेले सॉल्व्हंट भट्टीत ऊर्ध्वपातनाने शुद्ध करून कारखान्याला देत. छोटा धंदा, दोन-तीन माणसे, स्वतःची पत्र्याची शेड. मंगळवारी त्यांच्या मालात एक शिखर सहा मिनिटांनी आले. आमच्या तक्त्यात सहा मिनिटांपुढे एका घातक द्रव्याचे नाव होते. मी अहवालात "माल अयोग्य" असे लिहिले आणि पिंपे परत गेली. गुरुवारी दुसरी खेप आली, तीही परत गेली. मालातले मुख्य द्रव्य एरवी तीन मिनिटांनी येई, ते आता साडेतीन मिनिटांच्याही पुढे येत होते. हे मला दिसले होते. थंडीचे दिवस आहेत, म्हणून असेल, असे मी मनाला सांगितले. यंत्राची पेटी ठरावीक तापमानावर असते, तिला बाहेरच्या थंडीचे काय? हे मला ठाऊक होते, पण त्या वेळी ठाऊक नसणे सोयीचे होते.

शुक्रवारी ते गृहस्थ स्वतः आले. हातात नमुन्याची बाटली होती. भाऊंना म्हणाले, "साहेब, माल तोच आहे, भट्टी तीच आहे. पुन्हा एकदा बघा." भाऊ स्वतः यंत्रावर बसले. मुख्य शिखर उमटले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि ज्योत विझवली. खणातून काचेची नळी काढून यंत्राला जोडली. फुगा दाबला. पडदा चढू लागला. मी बाजूला उभा होतो. एवढा सावकाश चढणारा पडदा मी पाहिला नव्हता, असे मला वाटले. खरे तर फरक थोडाच होता. २० सेकंदांच्या जागी २४. म्हणजे मिनिटाला ३० नव्हे, २५ मिलिलिटर. पाच मिनिटांची गाडी सहा मिनिटांनी येत होती. तक्त्यात पाच मिनिटांपुढे जे द्रव्य होते, ते निरुपद्रवी होते.

भाऊंनी नोंदवही उघडली. त्या सकाळचे माझे आकडे तिथे होते : २०.०, २०.१, १९.९. त्यांनी विचारले, "हे कधी मोजलंस?"

मी म्हणालो, "सकाळी."

ते काही बोलले नाहीत. माझ्या आकड्यांखाली त्यांनी २४.०, २३.९, २४.१ असे लिहिले, वेळ घातली, सही केली आणि पेन माझ्या हातात दिले. पेन हातात घेऊन मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग पाचही दिवसांच्या माझ्या नोंदींवर आडवी रेघ मारून प्रत्येकीपुढे "मोजले नाही" असे लिहिले. खोडरबर नव्हता हे बरे झाले. आकडे वाचता येत होते आणि रेघही दिसत होती.

कारण सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. सुई टोचायच्या जागी रबराची एक चकती असते. रोज टोचून टोचून तिला भोक पडते आणि वायू तिथून गळू लागतो. ती चार रुपयांचीही नसेल. ती बदलली आणि पडदा पुन्हा २० सेकंदांवर आला. राखून ठेवलेले दोन्ही नमुने आम्ही पुन्हा तपासले. माल चांगला होता.

संध्याकाळी भाऊ मला स्कूटरवर बसवून त्या गृहस्थांच्या शेडवर घेऊन गेले. "तू सांग," एवढेच वाटेत म्हणाले. मी सांगितले. ते ऐकून घेत होते. मग आतून चहा आला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पहिली खेप मी परत भट्टीवर चढवली, दोन रात्री. आता तर जास्तच शुद्ध झाली असेल." भाऊ हसले नाहीत, मलाही हसता आले नाही. कारखान्याने माल घेतला आणि त्याचे पैसे दिले. दोन रात्रींचे जळण आणि टेम्पोचे भाडे कोणी दिले नाही.

वर्गात सगळे शांत होते. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "सर, मग तुमची नोकरी गेली?"

"नाही गेली. भाऊंनी मला काढले नाही."

"आणि त्यांच्या भाड्याचे पैसे? तुम्ही दिले?"

"नाही," मी म्हणालो. हा प्रश्न मला तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही.

नंतर काही क्षण कोणी बोलले नाही. मग पंप आणणारी ती मुलगी म्हणाली, "सर, वेळ वाढतच चालली आहे. आपलीही हवा कुठेतरी गळते आहे." सुट्टीची घंटा झाली होती, पण कोणी उठले नाही. तिने फुग्यातले साबणाचे पाणी बोटावर घेतले आणि एकेका जोडावर लावत गेली. पंपाच्या तोंडावर काही नाही. चिमट्याजवळ काही नाही. टी-जोडाच्या बाजूच्या बुचाला पाणी लावले, तर तिथे बारीक बारीक बुडबुडे फुगू लागले. चिमट्याने अडलेल्या हवेला तिथे वाट मिळाली होती आणि बूच हळूहळू सैल होत होते. ज्या पाण्याने मोजायचे, त्याच पाण्याने गळतीही सापडली. बुचाला नळजोडणीची पांढरी पट्टी गुंडाळून घट्ट बसवले. मग आकडे आले : १०.१, १०.२, १०.१. मिनिटाला सुमारे ५९ मिलिलिटर हवा. देखण्या अक्षराच्या मुलाने आधीचे चारही आकडे वहीत तसेच ठेवले आणि पुढे "बूच सैल" असे लिहिले. प्रदर्शनात आम्हांला बक्षीस मिळाले नाही. शेजारच्या मेजावर ज्वालामुखी होता, त्याच्यापुढे आमचे काय चालणार?

या पडद्याच्या काही मर्यादाही तुम्हांला माहीत असायला हव्यात. तो वायूचे आकारमान सांगतो. वायू कोणता, शुद्ध की अशुद्ध, हे तो सांगू शकत नाही. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्यामुळे पडद्यातून तो थोडा निसटतो आणि माप कमी भरते. हायड्रोजन आणि हेलियम फार मंद वाहत असले, तर तेही पडद्यातून पलीकडे झिरपतात. आणखी एक बारीक गोष्ट आहे. सिलिंडरमधला कोरडा वायू साबणाच्या पाण्यावरून जाताना ओला होतो, म्हणजे पाण्याची वाफ त्यात मिसळते आणि तो फुगतो. खोलीचे तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर या वाफेचा दाब सुमारे ३२ मिलिमीटर पारा असतो. हवेचा दाब ७६० मिलिमीटर धरला, तर मापात चार टक्क्यांहून थोडी अधिक वाफच मोजली जाते. पडदा ३० मिलिलिटर म्हणाला, तर कोरडा वायू २८.७ मिलिलिटरच असतो. भाऊ हा हिशेब नोंदवहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवत. रोज तीच चूक तितकीच होत असेल, तर रोजच्या तुलनेला ती फारशी बाधत नाही. पण दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेला आकडा कळवायचा असेल, तर तापमान आणि हवेचा दाब लिहावाच लागतो.

आता विजेवर चालणारी मापके आली आहेत. वायू जोडला की पडद्यावर आकडा दिसतो, पण हा पडदा काचेचा, साबणाचा नव्हे. तरीही साबणाचा पडदा हद्दपार झालेला नाही. कारखान्यांतील हवेत विषारी वाफा किती आहेत हे तपासताना कामगाराच्या पट्ट्याला एक लहान पंप अडकवतात. तो पंप मिनिटाला किती हवा ओढतो, हे आधी ठरवून घ्यावे लागते. तिथे आजही मोठी काचेची नळी आणि साबणाचे पाणी वापरतात. पंपाचा आकडा चुकला, तर त्या कामगाराच्या छातीत काय गेले याचाही हिशेब चुकतो.

आमचे उपकरण अजून प्रयोगशाळेच्या भिंतीला टांगलेले आहे. फुग्याचे रबर दर पावसाळ्यात चिकट होते आणि बदलावे लागते. तुमच्या शाळेतही तुटक्या तोटीची ब्युरेट असेल, तर शिक्षकांना विचारून करून पाहा. भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब वाटीभर पाण्यात पुरतात. जास्त घातले तर फेस होतो आणि एका पडद्याऐवजी दहा पडदे एकदम चढू लागतात. खुणेवर डोळा समोरासमोर ठेवा, वरून पाहू नका. जोडांना आधी साबणाचे पाणी लावून पाहा. आणि पहिले चार-पाच पडदे तसेच वर जाऊ द्या, तोपर्यंत नळी ओली होते.